विलो फोर्कची नोट

एके काळी अमेरिकेत गावोगावच्या बँका स्वतःच्या नावाने नोटा काढत; त्यांतली विलो फोर्क गावच्या बँकेची एकही नोट कुणा संग्राहकाच्या पाहण्यात नव्हती. जुन्या नोटांचा संग्राहक क्विस्ट बावीस वर्षे तिच्या शोधात होता. नेब्रास्कातल्या नोटांच्या प्रदर्शनात वर्ना नावाच्या साठीच्या बाईंनी ती त्याच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्याने चेहरा मुद्दाम कोरा ठेवला.

"विकायची नाही हं! १९३१ साली मी अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडले, तेव्हा माझ्या दुपट्याला ही टाचलेली होती. आईचं गाव मला हिनेच सांगितलं. तिथल्या दफनभूमीत मी स्वतःसाठी जागासुद्धा घेऊन ठेवलीय. फक्त खरी आहे ना, तेवढं बघा."

क्विस्टने भिंगातून बँकेचा परवाना क्रमांक वाचला. पुन्हा वाचला.

"नोट खरी आहे, बाई. पण हा परवाना क्रमांक १९३३ सालचा; बँक निघालीच तेव्हा."

"काहीतरीच काय! वर १९२९ छापलंय की."

"ते नोटेचा नमुना ठरला ते साल. त्या काळच्या सगळ्याच बँकांच्या नोटांवर तेच असायचं. तुमच्या दुपट्याला ही नव्हती. मूळची नोट आश्रमात कोणीतरी नंतर बदलली असणार."

"मग माझं गाव कोणतं?"

"ते या कागदावरून कळणार नाही."

बाईंनी नोट त्याच्याकडे सरकवली. मग "ठेवा तुमच्याकडेच," एवढे म्हणून, किंमतही न विचारता त्या निघून गेल्या.

क्विस्टने सांगितलेला शब्दन्‌शब्द खरा होता; आणि तो सांगितला तरच नोट आपल्या हाती येईल, हे त्याला तोंड उघडण्यापूर्वीच कळले होते.