उद्या कर

पाठीत सळ्या घालायचं ऑपरेशन तासाभरावर आलं होतं. केतकीच्या गाऊनच्या नाड्या कुंदाबाई मागून बांधत होत्या. लेकीच्या पाठीची एक बाजू इतकी वर आली होती, की दोन्ही टोकं जुळेचनात.

दोन्ही मुलींचा कणा तेराव्या वर्षी सारखाच वाकलेला निघाला होता. डॉक्टरांनी व्यायामही तेच सांगितले होते. थोरलीला कुंदाबाईंनी रोज आरशासमोर उभं केलं, दांडीला लोंबकळायला लावलं, प्रसंगी धपाटेही घातले. "तू माझी आईच नाहीस!" असं ती किंचाळायची. धाकटीच्या वेळी मात्र त्यांचा जीव तुटायचा. तिचे डोळे भरून आले, की म्हणायच्या, "राहू दे गं राणी, उद्या कर."

आज थोरली लेकाला कडेवर घेऊन खिडकीशी ताठ उभी होती. आईशी ती अजूनही कामापुरतंच बोलायची. आणि केतकीला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची.

"आई," केतकी मागे न वळता म्हणाली, "ताईला ओरडायचीस तशी मला का नाही गं ओरडलीस?"

"तू रडायचीस गं..." कुंदाबाईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"ताईपण रडायची, आई."