मेंढीकोटातला व्यत्यय

मेंढीकोटाचा डाव रंगात आला असताना गावंड्यांचं हृदय थांबलं. त्यांच्या मनगटावरचा पट्टा कोकलला. पत्ते मंडळाच्या नियमाप्रमाणे बाकी सगळ्यांनी आपापली पानं पालथी ठेवली आणि गावंड्यांना जमिनीवर आडवं केलं. प्रतिस्पर्धी शेवडेबाई पदर खोचून त्यांच्या छातीवर दाब देऊ लागल्या. तेवढ्यात वॉर्डाच्या दवाखान्याचं उडतं यंत्र खिडकीतून आत आलं आणि "बाजूला व्हा," असं बजावून त्यानं छातीला विजेचा झटका दिला. गावंडे हलले नाहीत. बाईंनी पुन्हा दाब सुरू केला.

दुसऱ्या झटक्याला गावंड्यांनी डोळे उघडले आणि आधी आपली पानं शोधली. ती शेजारीच उताणी पडली होती.

"बाई, पाहिलीत ना?"

"पाहिली," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "असली पानं हातात असताना परत आलात, कमाल आहे तुमची."