नव्या वॉर्डाची फीत

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात एका ड्रायव्हरची बायको धापा टाकत होती आणि समोरच्या नव्या कोऱ्या वॉर्डाला कुलूप होतं. दारावर लाल फीत.

"मंत्रीसाहेब आल्याशिवाय उघडता येत नाही, दादा," पहारेकरी म्हणाला.

"तोवर हिनं काय श्वास रोखून बसायचं? का खाटा बड्या लोकांसाठी राखून ठेवल्यात?"

पहारेकऱ्याने नजर चुकवली. इथं पाणी मुरतंय, हे ड्रायव्हरने ओळखलं. फीत तोडून, धडका मारून त्याने दार उघडलं, बायकोला खाटेवर निजवलं आणि उशाजवळची ऑक्सिजनची नळी ओढली. नळी भिंतीतून सुटून हातातच आली. मागे नुसतं प्लास्टर होतं.

"किल्ली माझ्याकडेच असते, दादा," पहारेकरी हळूच म्हणाला. "आईला मीही असंच आत आणलं होतं."