नवा आवाज

घशाच्या ऑपरेशननंतर राजेंद्रची वाचा गेली. तो टाइप करी आणि लॅपटॉप बोले. अंथरुणाला खिळलेल्या आंधळ्या आईशीही तो असाच बोलायचा. आज अधिक गोड आवाज बसवायचा म्हणून त्याच्या मुलीनं, अनघानं, कमांड देऊन आधी जुना आवाज काढून टाकला आणि नवा उतरवण्याआधीच धुक्यात खंडाळ्याचं नेट गेलं.

तेवढ्यात राजेंद्रच्या आईला धाप लागली. "राजा कुटं हाय? बोल की रं!"

"आजी, बाबा इथंच आहेत गं!" अनघा रडत रडत नवा आवाज उतरवायची कमांड पुन्हा पुन्हा देत होती.

राजेंद्रनं लॅपटॉप बाजूला सारला आणि आईचा हात आपल्या मुक्या गळ्यावर धरला. तिची बोटं व्रणावरून हळूहळू फिरत त्याच्या चेहऱ्यावर गेली.

"आलास व्हय माज्या राजा? इतकं दिस कुणी परका गडीच बोलत व्हता रं माज्यासंगं."