सुवाउकीचं हजेरीपुस्तक

पोलंडमधला आमचा सुवाउकी प्रांत सरकारने मोडीत काढला, त्याला चार वर्षं झाली. पाट्या उतरल्या, शिक्के फोडून टाकले. प्रांत कचेरीचं शेवटचं हजेरीपुस्तक तेवढं माझ्या दप्तरखान्यात येऊन पडलं.

मागच्या ऑक्टोबरात धूळ झटकायला ते उघडलं, तर शेवटच्या पानावर त्याच दिवशीची तारीख होती आणि खाली सह्या होत्या.

सगळ्या सह्या वारलेल्यांच्या. मोजणीखात्यातला वितोल्ड, टायपिस्ट रोमुआल्डा. दोघांच्याही कबरीवर मी माती टाकून आले होते. हयात माणसांचे रकाने कोरे होते. लुत्सिनाबाईंचाही. त्या प्रांत कचेरीत वीस वर्षं होत्या, आता माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. त्यांना मी काही बोलले नाही. फक्त रोज सकाळी त्या यायच्या आधी त्यांचा रकाना बघून घेते.

आज तो भरलेला होता. शाई अजून ओली होती.

तेवढ्यात दार उघडून लुत्सिनाबाई आत आल्या आणि कोट न काढताच हीटरला टेकल्या.

"इरेना, चहा दे गं. आज सवयीने जुन्या कचेरीतच शिरले बघ. वय झालं, दुसरं काय."

"तिथे कुलूप असतं ना?"

"कसलं कुलूप? सगळे होते की. वितोल्ड म्हणाला, किती उशीर केलास."

मी उकळता चहा पेल्यात ओतून दिला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत घट्ट धरला.

"अगं, गार दिलास की," त्या म्हणाल्या.

पेल्यातून वाफ येत होती.