पेल्यावर पेला
लातूरजवळच्या माळावर लढाऊ विमानांच्या कसरती बघायला सृष्टीचं सगळं घर आलं होतं. साखराबाई आजीनं जाईल तिथं करते तसंच केलं: एका पेल्यावर दुसरा उपडा ठेवला. जमीन हलली की वरचा पडणार. सृष्टीला लाज वाटली; कोचिंगच्या मैत्रिणी शेजारीच होत्या. पहिलं विमान डोक्यावरून कडाडत गेलं, सगळ्यांनी वर पाहिलं, आजीनं पेल्याकडे. तो खणकन पडला आणि नातीचं मनगट धरून आजी पळत सुटली. मैत्रिणी पोट धरून हसल्या. सृष्टीनं आजीला परत आणून बसवलं. "किल्लारीला भूकंपाआधी लई धक्के बसायचे, म्हणून आजी रोज पेला ठेवायची," ती मैत्रिणींना म्हणाली. "त्या रात्री तो पडला. माझ्या सहा वर्षांच्या बापाला उचलून आजी अशीच पळाली. मागं घर बसलं." तिनं धुळीतला पेला पुन्हा पेल्यावर ठेवला. "आता हसा."