बिनआगीची घंटा

घंटा पुन्हा वाजली, तेव्हा इब्राहिम मिस्त्रीनं ओठांशी नेलेली चहाची बशी तशीच खाली ठेवली.

गेणू पहारेकऱ्यानं धडपडत कारखान्याचं कुलूप काढलं. रहाटावर रेशीम उकलणाऱ्या बायका पदर सावरत बाहेर पळाल्या आणि त्या बाहेर पडताच इब्राहिम आत शिरला. धूर नाही, जळका वास नाही. पत्र्याखाली कोंडलेला वैशाखाचा उकाडा तेवढा होता.

आठवडाभर रोज हेच चाललं होतं, आणि तेही भर दुपारी.

साल १९३६. माणकशेठचा रेशमाचा कारखाना नाशकात नावाजलेला. मुंबईच्या विमा कंपनीनं दोन अटी घातल्या होत्या. एक, आगीची घंटा बसवायची. दुसरी, घंटा झाली की आधी दार उघडायचं. दुसरी अट शेठजींना भारीच जड गेली होती. रेशमाचा एखादा गुंडा पदराआड जाईल या धास्तीनं ते सकाळी बायका आत गेल्या की बाहेरून कुलूप घालत, ते दिवेलागणीलाच काढत.

घंटेचं काम इब्राहिमनं अंगावर घेतलं. मुंबईच्या गोदीत तो ते शिकला होता. मोरचुदाच्या निळ्या पाण्याच्या बरण्यांतून निघालेली वीज एका बारीक तारेनं सगळ्या छताखालून फिरून परत यायची. ती वाहत असेपर्यंत एक लोखंडी पट्टी चुंबकाला चिकटून राहायची. तारेचे सांधे लवकर वितळणाऱ्या डाखाचे. आग लागली की डाख वितळणार, तार सुटणार, वीज थांबणार, पट्टी खाली पडणार आणि घंटा वाजणार. शेठजींना हे समजावताना त्याची छाती चांगली फुगली होती.

आता मान वर करायची सोय उरली नव्हती.

"मिस्त्री, आग नसताना वाजणारी घंटा देवळात टांगतात," शेठजी सगळ्यांदेखत म्हणाले. "ही कुठं टांगू, सांगा. आणखी एकदा वाजली तर तारा उपटून तुमच्या दारात टाकीन. मग नाशकात तुम्हाला कोण काम देतं ते बघतो."

इब्राहिमच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बाजारातली पोरं त्याला बघून 'टण टण' करू लागली होती. तो मागच्या गल्ल्यांनी घरी जायचा.

आधी त्याला वाटलं, पत्रा तापतो म्हणून डाख मऊ पडत असेल. त्यानं डाख बदलला. घंटा वाजली. बरण्यांतलं पाणी बदललं. तरी वाजली. प्रत्येक वेळी तो आत शिडीवर चढून एकेक सांधा चाचपायचा आणि बायका बाहेर थांबायच्या. त्याच्या कपड्यांतून घामाच्या धारा लागायच्या.

"मिस्त्री, घाई करू नका हं," त्यांच्यातली थोराड नवसाबाई बाहेरूनच ओरडायची. "सावकाश, नीट बघा. आम्हाला काय, आम्ही हायेत उभ्या."

मग दबकं हसू ऐकू यायचं. इब्राहिमला वाटायचं, शिडीसकट जमिनीत गडप व्हावं.

त्या दिवशी मात्र त्याला चोर सापडला. कोपऱ्यातल्या खांबावर तार हाताला लागेल इतकी खाली आली होती आणि तिथला तारेची टोकं धरणारा स्क्रू ढिला होता. स्क्रूच्या खाचेत आकड्याच्या टोकाचे ताजे ओरखडे होते. बायका अंबाड्यात खोवतात तसल्या आकड्याचे.

त्याचं डोकंच फिरलं. रोज घटकाभर बाहेर तंबाखू मळत बसायला मिळावं म्हणून या बायांनी त्याची अब्रू वेशीला टांगली होती! शेठजींना सांगावं म्हणून तो तरातरा दारापर्यंत गेला. पण सांगितलं असतं तर त्यांच्या पोटावर पाय आला असता. तो तिथूनच मागे फिरला. आपण किती मोठ्या मनाचे, असं त्याला वाटलं आणि बऱ्याच दिवसांनी जरा बरंही वाटलं.

संध्याकाळी बायका गेल्यावर त्यानं स्क्रू आवळून ती तार लोखंडी नळीत घातली, नळी खांबाला आवळली आणि तोंडावर झाकण ठोकून बसवलं.

सकाळी नवसाबाईनं नळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे काय केलं, मिस्त्री?"

"पक्कं काम केलं, बाई. आता आग लागल्याशिवाय वाजणार नाही."

ती काहीतरी बोलणार होती, पण मागून शेठजी आले. ती रहाटावर जाऊन बसली. बाहेरून कुलूप पडलं.

दुपार झाली. घंटा गप्प होती. शेठजींनी स्वतः इब्राहिमच्या पाठीवर थाप मारली, चहा मागवला आणि सिन्नरच्या गोदामातही अशीच घंटा बसवायची, असं बोलून गेले. इब्राहिमला हायसं वाटलं. आज शिडी नाही, घाम नाही. दुपारच्या वेळी तो पहिल्यांदाच आरामात उठला आणि इमारतीला वळसा घालून मागच्या भिंतीच्या सावलीत विडी ओढायला गेला.

तिथे एक म्हातारी मांडीवर गोधडीचं गाठोडं घेऊन बसली होती. ती गाठोडं हलवत होती आणि पुन्हा पुन्हा कोपऱ्याकडे बघत होती.

"बाबा, आज घंटा व्हायची नाय का?" तिनं विचारलं.

"नाही आजी," इब्राहिम ऐटीत म्हणाला. "आज नाही, उद्या नाही. बंदोबस्तच केलाय मी."

म्हातारीचा चेहरा उतरला. गोधडीतून बारीक, दमलेलं रडणं ऐकू आलं.

"मंग माझ्या सुनंनं ह्याला पाजाया बाहेर यायचं कसं, बाबा?"